लिनक्सच्या दोन मशिनांमध्ये फाईली हळू का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, सावदा, पाचोरा, अमळनेर या भागात मी लिनक्सवर चालणारी मशिनं सांभाळतो. त्यात लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ आहेत, छापखाने आहेत, केळीच्या व्यापाऱ्यांची ऑफिसं आहेत आणि शाळांच्या लॅब आहेत. "भाऊ, फाईल जाई नही राहिनी," असा फोन लग्नसराईत तर रोजचाच. त्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं उत्तरांसकट लिहून ठेवतो आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाकायची.

हळू म्हणजे नेमकं किती हळू समजायचं?

आधी आकडा बघा. एक मोठी फाईल, दोन-चार जीबीची, कॉपीला लावा आणि सेकंदाला किती एमबी जातात ते लिहून घ्या. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते, म्हणून ८ नं भागायचं. १०० मेगाबिटच्या लाइनवर कागदोपत्री १२.५ एमबी बसतात, हाती ११ च्या आसपास लागतात. गिगाबिटवर कागदोपत्री १२५, हाती ११० ते ११५.

६४ जीबीचं कॅमेऱ्याचं कार्ड ११ च्या वेगानं सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या फाईली साठवणाऱ्या मशिनीवर, टाकायला दीड तासाच्या वर जातो. तेच गिगाबिटवर दहा मिनिटांत होतं. तुमचा आकडा ११ वर येऊन तिथंच चिकटून बसत असेल, तर सेटिंगला हात लावू नका. तुमची लाइन १०० वर चालते आहे, दुसरं काही नाही. आकडा २-३ असेल किंवा सारखा वरखाली होत असेल, तर पुढचे प्रश्न वाचा.

इंटरनेटचा प्लॅन वाढवून घेतला, तरी फरक का पडला नाही?

कारण या मशिनीवरून त्या मशिनीवर जाणारी फाईल इंटरनेटवर जातच नाही. ती तुमच्याच खोलीतल्या केबलमधून आणि स्विचमधून जाते. मात्र इंटरनेटवाल्यानं बसवून दिलेला राउटर नीट बघा. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे मागचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात आणि दोन्ही मशिनं त्यालाच जोडलेली असली की ११ च्या पुढे गाडी जात नाही. पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच घ्या, दोन्ही मशिनं त्यात लावा आणि स्विचमधून एक वायर राउटरला न्या. इंटरनेट पूर्वीसारखंच चालेल आणि फाईली राउटरला वळसा घालून परस्पर जातील.

तपासायला सुरुवात कुठून करू?

तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: डिस्क, वायर आणि फाईल शेअरिंग. हे न करता लोक थेट सांबाची, म्हणजे विंडोजलाही चालणाऱ्या फाईल शेअरिंगच्या प्रोग्रॅमची, सेटिंगची फाईल उघडतात आणि चार ओळी कुठून तरी आणून चिकटवतात. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि नवं एक मागे लागतं.

डिस्कसाठी सर्व्हरवर एचडीपार्म ही कमांड छोट्या टी च्या पर्यायासह चालवा. चांगली हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे वाचते. ३०-४० च्या आत अडकली तर ती डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात लावली आहे का ते बघा. त्या पोर्टाची मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्यातून ३०-४० एमबीच निघतात. निळ्या रंगाच्या पोर्टात डिस्क लावल्यावर सुटलेल्या तक्रारी मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

वायरसाठी आयपर्फ-थ्री. एका मशिनीवर छोटा एस लावून चालू करा, दुसऱ्यावर छोटा सी आणि पहिल्या मशिनीचा आयपी पत्ता. फायरवॉल असेल तर ५२०१ नंबरचा पोर्ट उघडा. हे साधन डिस्कला हातच लावत नाही, नुसता डेटा वायरवर ढकलतं, म्हणून त्याचा निकाल स्वच्छ असतो. गिगाबिटवर ९४० च्या जवळ आकडा यायला हवा, १०० वर ९४ च्या जवळ. मग मोठा आर लावून उलट्या दिशेनं पुन्हा मोजा, कारण कधी कधी जाताना ठीक असतं आणि येताना रडतं.

डिस्क ठीक, वायर ठीक आणि तरीही कॉपी हळू असेल, तरच फाईल शेअरिंगकडे, म्हणजे एनएफएस (लिनक्स-युनिक्सची शेअरिंगची पद्धत) किंवा सांबाकडे वळायचं. मोजताना एक काळजी घ्या: तीच फाईल दुसऱ्यांदा वाचली की लिनक्स ती रॅममधून देतं आणि वेग खोटा दिसतो. दर वेळी नवी फाईल घ्या.

कार्ड गिगाबिटचं, स्विच गिगाबिटचा, तरी आयपर्फ ९४ च का दाखवतं?

केबल. दहातल्या सात-आठ वेळा केबलच निघते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. नेहमीच्या बी पद्धतीच्या जॅकमध्ये १०० चं काम केशरी आणि हिरव्या जोडीवर भागतं. निळी किंवा तपकिरी जोडी कुठं तरी तुटली, की बरीच कार्डं दोन-चार वेळा गिगाबिटचा प्रयत्न करतात आणि गुपचूप १०० वर उतरतात. स्विचवर दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असतं, पिंग जातं. कुणालाच शंका येत नाही.

एथटूल ही कमांड कार्डाच्या नावासकट चालवली की स्पीडच्या ओळीत १००० किंवा १०० स्पष्ट दिसतं. मशिनीच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडमध्ये "डाऊनशिफ्टेड" (खालच्या वेगावर उतरलं) असा शब्द सापडला तर मग प्रश्नच मिटला.

गेल्या डिसेंबरात एका स्टुडिओत असंच झालं. एडिटिंगचं मशिन आतल्या खोलीत, सर्व्हर काउंटरच्या खाली आणि मधली केबल लोखंडी कपाटाच्या मागून नेलेली. कपाट सरकवलं तर खाली उंदरानं वरचं आवरण बोटभर कुरतडलेलं होतं. केशरी, हिरवी, निळी शाबूत. तपकिरीची एक तार मधोमध तुटून तिचं टोक बाहेर आलेलं, केसाएवढं. स्टुडिओवाल्या दादांनी सहा महिन्यांत दोनदा मशिन फॉरमॅट करून घेतलं होतं आणि रॅमही वाढवली होती. नवी केबल टाकली आणि ११ चे ११२ झाले. त्यांनी कॉपीच्या खिडकीचा फोटो काढून ठेवला.

जॅकही बघा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर तो जॅक कापून नवा पंच करा. बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलेलं नसेल, तर आज ना उद्या ओढाताणीत तार सुटणारच.

केबल विकत घेताना काय बघू?

कॅट फाइव्ह-ई पुरते, गिगाबिट १०० मीटरपर्यंत तिच्यावर नीट चालतं. पण आत शुद्ध तांबं हवं. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आतून ॲल्युमिनियम अशी केबल सर्रास मिळते. एक तार सोलून ब्लेडनं हळूच खरवडा. लाल रंगाखाली पांढरट चंदेरी धातू दिसला तर ती परत करा. ती दोनदा वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर वेगही घालवते.

फाईल पाठवताना वेग चांगला, घेताना एकदम एक-दोन एमबी. असं का?

एका बाजूला वेग हातानं ठरवलेला आणि दुसरी बाजू ऑटोवर, हे बघा. अशा वेळी ऑटोवरची बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानंच बोलायचं) धरते आणि पलीकडची फुल डुप्लेक्सवर (दोघांनी एकदम बोलायचं) बोलत राहते. दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि डेटाची पाकिटं फुकट जातात. एथटूलमध्ये डुप्लेक्सच्या ओळीत हाफ दिसलं की हेच. दोन्हीकडे ऑटो ठेवा. शाळांच्या जुन्या लॅबमध्ये कुणी तरी कधी काळी "१०० फुल" करून ठेवलेलं असतं, ते आज नडतं.

वायफायवर काय अपेक्षा ठेवायची?

कमी ठेवा. हवेत एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोन्ही मशिनं वायफायवर असली तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं, आधी राउटरकडे आणि मग दुसऱ्या मशिनीकडे. म्हणजे वेग तिथंच निम्मा. निदान सर्व्हर तरी वायरवर आणा.

लॅपटॉप थोडा वेळ शांत बसला की पहिला क्लिक अडखळतो, असं होत असेल तर वायफायची वीजबचत बंद करून बघा. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ केली की ती बंद होते.

आणखी एक फसवी गोष्ट. सर्व्हरला वायर आणि वायफाय दोन्ही लावलेले असतात, म्हणजे त्याला दोन पत्ते असतात. बाकीच्या मशिनांनी वायफायचा पत्ता पकडला असेल तर वायर असून नसल्यासारखी. सर्व्हरचं वायफाय सरळ बंद करा.

व्हिडिओची मोठी फाईल भर्रकन जाते, पण फोटोंचं फोल्डर तासभर घेतं. आकार तर सारखाच आहे!

आकार सारखा असला तरी काम सारखं नाही. प्रत्येक फाईलसाठी क्लायंट, म्हणजे तुमचं कामाचं मशिन, सर्व्हरला विचारतो: या नावाचं काही आहे का, नवी बनव, हे घे, तारीख लाव, डिस्कवर गेलं का? दर प्रश्नाला उत्तर येईपर्यंत थांबायचं. एक मोठी फाईल म्हणजे ट्रकभर केळी एकाच पावतीवर आणि बारा हजार छोट्या फाईली म्हणजे दर घडाला वेगळी पावती.

७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची थाळी एक फेरा ८.३ मिलिसेकंदात पुरा करते. दर फाईलमागे डिस्कवर लिहून पक्कं करायचे असे तीन थांबे धरले, तर १२,००० फाईलींना नुसत्या थांबण्यातच पाच मिनिटं जातात, डेटा वेगळाच. तीन माणसं एकाच वेळी कॉपी करत असली की डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि पाचाची पंचवीस होतात.

इथं केबल बदलून काही होत नाही. कायमचा साठा असेल तर टार कमांडनं सगळ्याची एक फाईल बांधा आणि ती पाठवा. रोजचा बॅकअप असेल तर आरसिंक (बदललेलं तेवढंच पाठवणारी कमांड) वापरा, पण माउंट केलेल्या, म्हणजे सर्व्हरवरून जोडून घेतलेल्या, फोल्डरवर नाही. त्याला एसएसएचमार्गे (दुसऱ्या मशिनीशी कुलूपबंद जोडणी) थेट सर्व्हरवर पाठवा. मग सर्व्हरवरचा आरसिंक स्वतःच्या डिस्कवरच्या फाईली स्वतः तपासतो आणि एकेक प्रश्न वायरवरून येत-जात नाही. घरच्या नेटवर्कवर छोटा झेड, म्हणजे दाबून पाठवण्याचा पर्याय, काढून टाका. जेपीईजी आधीच दाबलेली असते, प्रोसेसर उगाच झिजतो. आणि पैसे असतील तर चालू कामाच्या फोल्डरसाठी सर्व्हरमध्ये एक एसएसडी टाका. या एका दुखण्यावर तिच्याइतकं दुसरं औषध नाही.

एनएफएस, सांबा की एसएसएचएफएस?

सगळी मशिनं लिनक्स असतील तर एनएफएस. ते सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये युनिक्ससाठीच बनवलं, आणि लिनक्समध्ये ते कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, बसलेलं आहे. अकाउंटच्या मशिनीवर विंडोज असेल तर सांबा ठेवावाच लागतो. दोन्ही एकत्र चालवता येतात.

एसएसएचएफएस, म्हणजे एसएसएचवरून फोल्डर जोडणं, एखाद-दुसरी फाईल आणायला सोयीचं आहे, पण रोजच्या कामाला नाही. प्रत्येक बाइट कुलूपबंद होऊन जातो आणि जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही. कॉपी चालू असताना टॉप कमांड उघडा. एसएसएच एकट्यानं एक कोअर शंभर टक्के खात असेल तर दोष नेटवर्कचा नाही.

सांबा वापरत असाल तर फाईल मॅनेजरच्या पत्त्यातून उघडण्यापेक्षा एफएसटॅबमध्ये (मशिननं जोडायच्या डिस्क आणि फोल्डरांची यादी) सीआयएफएस, म्हणजे सांबाचं, माउंट लिहा. पहिल्या पद्धतीत डेटा मधल्या एका थरातून फिरून येतो आणि बऱ्याच मशिनांवर तो फरक डोळ्यांना दिसतो.

एनएफएसला असिंक लावलं की वेग वाढतो म्हणतात. लावू का?

वाढतो. तरी लावू नका.

सिंकमध्ये सर्व्हर डेटा डिस्कवर गेल्यावरच "झालं" म्हणतो. असिंकमध्ये तो रॅममध्ये आला की लगेच "झालं" म्हणतो आणि लिहितो नंतर. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी स्वतः एका स्टुडिओत असिंक लावून दिलं होतं, छोट्या फाईलींची तक्रार होती म्हणून. मे महिन्याची संध्याकाळ, वावधान सुटलं, लाईट गेली. सर्व्हरला यूपीएस नव्हता. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते कार्ड फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नाला गेलं. आठवड्यानं अल्बमला बसले तेव्हा हळदीच्या कार्यक्रमाचे शेवटचे फोटो शून्य बाइटचे निघाले. मुलीच्या आजीचा तो शेवटचा कार्यक्रम होता. ती चूक माझी होती आणि ती भरून काढता आली नाही. त्यानंतर मी कुणाच्याही सर्व्हरवर असिंक ठेवलेलं नाही, यूपीएस असला तरीसुद्धा.

हे सर्व्हरच्या एक्सपोर्टमधलं (फोल्डर शेअर करायच्या सेटिंगमधलं) सिंक झालं. क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये कुणी सिंक लिहिलं असेल तर ते मात्र बिनधास्त काढा. तिथं ते प्रत्येक तुकड्याला थांबायला लावतं आणि त्याची गरज नसते. माउंटमध्ये आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ, म्हणजे वाचायच्या आणि लिहायच्या तुकड्याचा आकार, हातानं ८१९२ वगैरे लिहिलेलं असेल तर तेही काढा. आताची मशिनं आपसात ठरवून १ एमबीपर्यंतचा तुकडा घेतात.

सांबासाठी "सॉकेट ऑप्शन्स"ची एक ओळ सगळीकडे सांगतात. टाकू का?

नको, आणि असेल तर काढा. त्यातले ८१९२ चे बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) फार जुन्या काळातले आहेत. आताचा कर्नल बफर स्वतः कमी-जास्त करतो. ती ओळ त्याचे हात बांधते आणि वेग उतरतो.

जंबो फ्रेम?

गिगाबिटवर भानगडीत पडू नका. जंबो फ्रेम म्हणजे मोठं पाकीट. त्यासाठी एमटीयू, म्हणजे पाकिटाचा आकार, नेहमीच्या १५०० वरून ९००० बाइट करायचा तर वाटेतलं प्रत्येक कार्ड आणि स्विच तसाच हवा. एखादा १५०० वर राहिला की छोट्या गोष्टी चालतात आणि मोठी फाईल मध्येच लटकते.

कॉपी वेगात होते, पण फोल्डर उघडायलाच वेळ लागतो.

पहिल्यांदा जोडताना पाच, दहा सेकंद थांबून मग सगळं सुरळीत होत असेल तर नावाची शोधाशोध चालू आहे. मशिन आयपी पत्त्यावरून नाव विचारतं, उत्तर कुणी देत नाही आणि ठरल्याप्रमाणे ते पाच-पाच सेकंद वाट बघतं. दोन्ही मशिनांच्या ईटीसी होस्ट्स फाईलीत एकमेकांचे पत्ते आणि नावं लिहा. राउटरमध्ये ते पत्ते कायमचे बांधून घ्या, नाहीतर आठ दिवसांनी बदलतील.

फोटोंचंच फोल्डर उघडायला वेळ लागत असेल तर फाईल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये छोटी चित्रं "फक्त याच कॉम्प्युटरवरच्या फाईलींची" असं करा. नाहीतर नुसतं फोल्डर उघडलं तरी शेकडो फोटो वायरवरून ओढून आणले जातात.

सांबावर एका फोल्डरमध्ये हजारो फाईली असतील तर वेगळं कारण आहे. विंडोजला लहान आणि मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला वेगळी. म्हणून नवी फाईल टाकताना त्या नावाची दुसरी कुठली नाही ना, हे बघायला सांबा अख्खं फोल्डर चाळतो. तारखेप्रमाणे किंवा कार्यक्रमाप्रमाणे फोल्डर पाडा: हळद, लग्न, रिसेप्शन. साधा उपाय आहे आणि लगेच जाणवतो.

सुरुवातीला दोनशे-तीनशे एमबीनं जाते, मग थिजते. बिघाड आहे का?

बिघाड नाही. सुरुवातीचा डेटा रॅममध्ये साठतो आणि खरा वेग रॅम भरल्यावर दिसतो. मात्र बरीच मिनिटं नीट चालून मग वेग दहा-वीसवर येत असेल तर सर्व्हरची डिस्क एसएमआर जातीची असू शकते. तिच्यातले पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना तिला मागचं उचलून पुन्हा लिहावं लागतं. बॅकअपला ती चालते, रोजच्या कामाला नाही.

सर्व्हरला विंडोजच्या काळातली एनटीएफएस डिस्क तशीच लावली असेल तर जुन्या ड्रायव्हरमध्ये प्रोसेसरच अडतो. कर्नल ५.१५ पासून नवा ड्रायव्हर आत आला आहे, पण माझ्या मते डेटा दुसरीकडे काढून डिस्क लिनक्सच्या एक्सटी-फोर पद्धतीत फॉरमॅट करणंच बरं.

सकाळी ठीक चालतं, दुपारी एक ते पाच हळू. हे काय आहे?

उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरगुती स्विचच्या खोक्यावर बहुधा ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. तोच स्विच पत्र्याखालच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेला असतो. दुपारी आयपर्फ चालवा आणि रिट्रान्समिटच्या, म्हणजे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पाकिटांच्या, रकान्याकडे बघा. सकाळी शून्य आणि दुपारी शेकड्यांत असेल तर स्विच खाली आणा, भिंतीला मोकळ्या हवेत लावा. त्याचा ॲडॅप्टर हाताला चटका देत असेल तर तितक्याच व्होल्टचा, आणि अँपिअरला तितकाच किंवा जास्त असलेला नवा घ्या. सर्व्हरचा पंखाही उघडून साफ करा. धुळीनं बुजलेला पंखा असला की प्रोसेसर गरम होऊन स्वतःच वेग कमी करतो. सेन्सर्स ही कमांड त्याचं तापमान दाखवते. सावद्याच्या एका ऑफिसात स्विच माळ्यावरून काढून माठाच्या कोनाड्याशेजारच्या भिंतीवर लावला, पाण्यापासून दोन हात लांब. तेव्हापासून त्यांचा दुपारचा फोन आलेला नाही.